वीतभर रिकामी जागा

वीतकाकांच्या तोंडून ‘हो’ काढून दाखवणं हे रायपुरातल्या गोदामवाल्यांच्या लेखी अशक्य कोटीतलं काम होतं. रॅकवर आणखी एक थर चढवू का? नाही. मधली गल्ली थोडी अरुंद केली तर? नाही. दिवाळीपुरतं, फक्त पंधरा दिवस, काका? नाही. चहा घेणार का विचारलं तरी आधी ‘नाही’ म्हणायचे आणि मग कप पुढे ओढायचे. आमच्या ऑफिसात एक गंमत चालायची, की लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का विचारल्यावरही काका सवयीनं नाहीच म्हणाले असणार, काकूंनी ते मनावर घेतलं नाही एवढंच. मी एकदा काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “गंमत काय त्याच्यात? खरंच नाही म्हणले होते.”

आमचं ऑफिस समता कॉलोनीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालून दात कोरायच्या यंत्राचा आवाज आणि वर आम्ही नकाशांवर वाकलेले. काम असं, की गोदामात माल ठेवायचे लोखंडी रॅक कुठे आणि किती उंच उभे करायचे हे ठरवायचं, आणि ते अशा बेतानं ठरवायचं की उद्या आग लागलीच तर छताखालच्या स्प्रिंकलरचं पाणी शेवटच्या खोक्यापर्यंत पोहोचावं. ऐकायला रुक्ष वाटतं, आणि आहेही. मी अमरावतीहून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तिथे लागले तेव्हा काका पन्नाशी ओलांडून बरेच पुढे आले होते. त्यांच्याकडे ड्राफ्ट्समनचा जुना डिप्लोमा तेवढा होता. पण त्यांची सही झाल्याशिवाय ऑफिसातून एकही कागद बाहेर जात नसे, आणि आमचे साहेबही त्यांना दचकून असत.

वीतकाका हे नाव त्यांच्या हातामुळे पडलं. लांब, हाडकुळा, शिरा वर आलेला हात. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणला की बरोबर नऊ इंच. सुताराच्या पट्टीवर तपासून घेतलेली वीत होती ती, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. त्यांचं सगळं शास्त्र तीन मापांत बसायचं. “वर दोन हात, मांगं वीत, बाजूले चार बोटं.” वरच्या मालापासून स्प्रिंकलरपर्यंत दोन हात मोकळे, पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन रॅकांच्या मालात वीतभर फट, आणि शेजारच्या दोन खोक्यांत चार बोटं. मी रुजू झाल्यावर त्यांनी माझाही हात टेबलावर ठेवून मोजला. साडेसात इंच भरला. “लहान आहे,” ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, जणू मी मुद्दामच कमी घेऊन आले होते. “दीड इंच मिळवत जाजो त्याच्यात. भुलू नको.”

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली होती. “आग लागली तं पाणी कोठून येते?”

“वरून. स्प्रिंकलरमधून.”

“अन् आग कोठं लागते?”

“कुठेही लागू शकते.”

“कोठंई नाही. खाली लागते, मधी लागते. जिथं कोणाचं ध्यान नाही तिथं लागते.” मग त्यांनी आपला जेवणाचा डबा काढला. दोन-दोन पुडं एकावर एक रचून दोन चळती केल्या, एकमेकींना अगदी चिकटवून. खाली, दोन्हींच्या मध्ये, कागदाचा कपटा सरकवला आणि वरून पेलाभर पाणी ओतलं. पाणी झाकणांवरून बाहेरच्या बाजूनं वाहिलं, माझ्या नव्या फाईलखाली गेलं. कपटा कोरडा. मग चळती बोटभर लांब केल्या, पुन्हा पाणी ओतलं, कपटा भिजला. “पाणी इमानदार आहे,” ते म्हणाले. “वाट देशील तं येईल. नाही देशील तं वरच्यावर वाहून जाईल. अन् आगीची गरमी बी त्याच वाटेनं वर जाते. ते वर गेली तं स्प्रिंकलरची काच फुटंल अन् पाणी सुटंल नं? दोघाईची वाट एकच आहे.” माझी फाईल गच्च भिजली होती. नंतर दुपारी त्याच डब्यातली भाजी त्यांनी मला अर्धी वाढली.

त्या वीतभर फटीवरून त्यांची सगळ्या जगाशी लढाई चालू असे. नियमाच्या पुस्तकात सहा इंच लिहिलं आहे, हे मी त्यांना उत्साहानं दाखवलं होतं. त्यांनी चष्म्यातून पुस्तकाकडे दयेनं पाहिलं. “पुस्तकाले हमाल माहीत नाही. हमाल माल ठेवते तं ढकलून ठेवते. खोका मांगून दोन इंच बाहेर, चार इंच बाहेर. तू कागदावर लोखंड मोजतं, पोट्टी. लोखंड नको मोजू, माल मोज.” हे वाक्य त्यांनी मला पाच वर्षांत किती वेळा ऐकवलं असेल याची गणतीच नाही. इतक्यांदा, की पुढे पुढे ते मला ऐकू येईनासं झालं होतं.

त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं. ब्राह्मणपाऱ्यात देवळाला लागून घर, बोळ इतका अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागे. मी महाराष्ट्रातून आलेली म्हणून माझ्या मराठीचं त्यांना कौतुक होतं आणि थोडी चेष्टाही. “तुमची मराठी इस्तरीची,” म्हणायचे. “आमची दोरीवरची.” त्यांचा मुलगा रायपुरातच नोकरीला, बाप मराठीत बोलायचा, मुलगा हिंदीत उत्तर द्यायचा, आणि दोघांनाही त्यात काही विचित्र वाटत नसे.

‘नाही’चा हा सगळा साठा मालकांसाठी होता. गोदामात शिरल्यावर हमाल किंवा फोर्कलिफ्टवाला काही बोलायला आला की काकांचा चेहराच बदलायचा. त्यांच्याशी ते छत्तीसगढीत बोलत. कोणी म्हणे, इथे उजेड कमी पडतो, कोणी म्हणे, पंखा लावायला सांगा. काका मान हलवून म्हणत, “हव.” एवढंच. पण तो ‘हव’ आमच्या अहवालात उतरायचा, आणि महिन्याभरात तिथे दिवा लागायचा. मालकाला जे बारा वेळा मागून मिळत नसे ते हमालाला एका वेळी मिळे. मी एकदा चिडवलं, “काका, तुम्हाला हो म्हणता येतं की!” तर म्हणाले, “ते आत राहते. आग लागली तं तेच आत असते.”

सहीची त्यांची एक तऱ्हा होती. गोदाम मालानं भरलं की ते स्वतः जात. दर रांगेच्या टोकाला उभं राहून बॅटरीचा झोत फटीत टाकत, दुसऱ्या टोकाला उजेड दिसला पाहिजे. मग फोर्कलिफ्टच्या पिंजऱ्यात उभे राहून वर जात आणि मधल्या फटीत हात घालून वीत ताणत. बाटलीतलं पाणी वरून ओतत आणि खालच्या माणसाला विचारत, “आलं का?” आलं, असं उत्तर आल्यावरच खाली उतरत. आणि अहवालाच्या शेवटी, इंग्रजी मजकुराखाली, सहीच्या बरोबर खाली, देवनागरीत तीन शब्द लिहीत: हात घालून पाहिले. साहेबांनी सुरुवातीला विरोध केला होता म्हणे. सरकारी कागदावर असलं काही लिहितात का? काकांनी नेहमीचं उत्तर दिलं, “नाही लिहित. मी लिहितो.”

मी चौबे कॉलोनीत खोली घेतली तेव्हा ते बघायला आले होते. घरमालकीणबाईंना वाटलं माझे वडील आले. त्यांनी खिडकी उघडून पाहिली, दार उघडं ठेवून खोलीभर फिरले, आणि मग माझा पलंग भिंतीपासून ओढून वीतभर लांब केला. “हवा फिरली पाहिजे,” म्हणाले. त्या फटीत माझी पुस्तकं, उशी, एकदा तर मोबाईल पडला. तरी मी पलंग कधी भिंतीला लावला नाही. मला ताप आला की काकू ब्राह्मणपाऱ्यातून पेज पाठवायच्या आणि काका स्कूटरवर डबा घेऊन यायचे, दारातूनच द्यायचे, आत या म्हटलं की ‘नाही’ म्हणायचे, आणि आत येऊन बसायचे.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. ते टाळत टाळतच इथवर आले आहे.

शहराबाहेर एका सेठजींचं नवं गोदाम होतं. प्लॅस्टिकच्या बादल्या, खुर्च्या, डबे, सगळं खोक्यांत भरून छतापर्यंत. प्लॅस्टिक पेटलं की काय होतं हे आमच्या धंद्यात कोणाला सांगावं लागत नाही. त्या गोदामाचा नकाशा माझा, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझा. काकांनी तो मला एकटीला करायला दिला होता, याचा मला फार आनंद झाला होता. रॅक उभे राहिले तेव्हा मी जाऊन आले. रिकाम्या रॅकांच्या पाठींमधली फट मोजली. नऊ इंच, सगळीकडे नऊ इंच. फोटोसुद्धा काढला. माल भरल्यावर पुन्हा जायचं होतं.

मे महिना होता. ज्या शनिवारी जायचं ठरलं त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं मला अमरावतीला निघायचं होतं, मावसबहिणीचा साखरपुडा होता. सकाळी मी ऑफिसात आले, बॅग टेबलाखाली ठेवली आणि ठरवलं की जायची गरज नाही. नऊ इंच तर मी मोजलेच आहेत. काका म्हणाले, “चाल, मी बी येतो संगं.” त्यांचा रक्तदाब त्या दिवसांत वर होता, काकूंनी उन्हात पाठवू नका म्हणून मला बजावलं होतं. तेच मी पुढे केलं. “तुम्ही नका येऊ काका, बाहेर किती ऊन आहे. मी कालच जाऊन आले.”

“माल भरला?”

“हो.”

“हात घातला?”

“हो काका.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. संशयानं नाही. मला आजही वाटतं की कौतुकानं. “तू पाह्यलं म्हणजे मी पाह्यलं,” असं म्हणून त्यांनी अहवाल ओढला, सही केली, आणि खाली ते तीन शब्द लिहिले. मी बॅग उचलून स्टेशनवर गेले. साखरपुडा छान झाला. खोटं बोलल्याची टोचणी मला गाडीत लागली नाही, साखरपुड्यातही नाही. इतकं ते मला किरकोळ वाटलं होतं.

दहा-बारा दिवसांनी सकाळी काकू न्हाणीघराच्या दारावर थापा मारत होत्या आणि आतून उत्तर येत नव्हतं. झटका आला होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलणं म्हणजे सगळंच नाही. एक शब्द उरला. दवाखान्यात चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, बरं वाटतंय का, तर काका स्पष्ट म्हणाले, “हव.”

आम्हा सगळ्यांना आनंद झाला. मग लक्षात आलं की दुखतंय का विचारलं तरी ‘हव’, दुखत नाही ना विचारलं तरी ‘हव’. जन्मभर नाही म्हणत आलेल्या माणसाजवळचे सगळे ‘नाही’ एका सकाळी संपले. भेटायला आलेले गोदामवाले एकमेकांकडे पाहत आणि मान खाली घालत. एकानं बाहेर येऊन मला म्हटलं, “दीदी, इनसे तो ‘ना’ ही अच्छा लगता था.” मी जिन्यात बसून रडले.

घरी आणल्यावर मी दर दोन दिवसांनी जायची. काका खिडकीजवळच्या पलंगावर असत. तिथे मी पहिल्यांदा ते पाहिलं. उजवा हात चादरीवर मुठीसारखा मिटलेला, आणि ते डाव्या हातानं त्याची बोटं उघडत होते. आधी अंगठा बाजूला. मग एकेक बोट. शेवटी करंगळी ओढून ताणायचे, आणि सोडली की सगळी बोटं पुन्हा मिटायची. मग पुन्हा अंगठा. आणि हे करताना ते माझ्याकडे पाहत.

“व्यायाम करून राहिले,” काकू म्हणाल्या. “त्या पोट्ट्यानं शिकवला, फिजिओथेरपीवाल्यानं. दिवसातून दहा वेळा करा म्हणे. हे शंभर वेळा करते.”

असेलही व्यायाम. पण मला ती वीत दिसली. मला तो प्रश्न ऐकू आला: हात घातला? मी चहा अर्धा टाकून उठले आणि काकूंना काहीतरी कारण सांगून तिथून थेट त्या गोदामात गेले.

गोदाम गच्च भरलं होतं. पहिल्याच रांगेच्या टोकाला उभं राहून मी मोबाईलचा दिवा फटीत टाकला. पलीकडे अंधार. पिंजऱ्यातून वर गेले. खोकी लाकडी पाटांवर रचलेली, पाट रॅकच्या मागून चार इंच बाहेर आलेले. इकडून चार, तिकडून चार. नऊ इंचांतला जेमतेम इंच उरला होता, आणि काही ठिकाणी तोही नाही. मी हात घातला तर बोटांची पेरंच आत गेली. बाटलीभर पाणी ओतलं आणि खालच्या माणसाला विचारलं, “आया क्या?” तो म्हणाला, “नहीं दीदी, इधर तो सूखा है.” लोखंड मोजलं होतं मी. माल मोजला नव्हता. आणि त्या गोदामात, त्या उन्हाळ्यात, रोज पंधरा-वीस माणसं काम करत होती.

सेठजी वाईट माणूस नव्हते, पण विक्रीचा मोसम तोंडावर होता. त्यांनी ड्रॉवरमधून आमचाच अहवाल काढून माझ्यासमोर ठेवला. “मैडम, सब पास है। काका का साइन है। और ये देखो, हाथ डाल के देखा, खुद लिखा है उन्होंने।”

ते तीन शब्द काकांच्या सरळ, ठाशीव अक्षरात होते. मी म्हणाले, “सेठजी, वो साइन काका ने मेरे भरोसे किया। मैंने देखा नहीं था। मैं झूठ बोली थी।”

ते उठले, माझ्याबरोबर आत आले, आणि बाह्या सरसावून पहिल्या रांगेत आपला जाडजूड हात घालून पाहू लागले. तो गेला नाही. “काका को पता है?” त्यांनी विचारलं.

“नहीं।”

“तो पहले ये ठीक करते हैं,” ते म्हणाले. “फिर बताना उनको।”

साहेबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. नोकरी राहिली, ती केवळ सेठजींनी फोन केला म्हणून. जुना अहवाल रद्द करायचं पत्र मीच टाइप केलं. मग तीन आठवडे मी त्या गोदामातच होते. एक रांग रिकामी करायची, जमिनीतले बोल्ट काढायचे, रॅक सरकवायचे, पुन्हा बोल्ट ठोकायचे, माल लावायचा, पुढची रांग. शेवटी जागा पुरेना म्हणून एक रांग कायमची काढून टाकावी लागली. सेठजींचा माणूस म्हणाला, एवढी एक तरी राहू द्या. मी नाही म्हणाले. म्हणाले आणि मलाच ते ऐकून कसंसं झालं, कारण तो आवाज माझा नव्हता.

काम संपलं त्याच दुपारी मी ब्राह्मणपाऱ्यात गेले. काका आणखी वाळले होते. दंड तर माझ्या मनगटाएवढा झाला होता. मी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं, साखरपुड्यापासून बोल्टांपर्यंत. काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच सांगितलं.

“काका, मी हात घातला नव्हता. तुमच्याशी खोटं बोलले.”

“हव,” काका म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हव.”

“राग आलाय माझा?”

“हव.”

“मग मला माफ नाही करणार?”

“हव.”

मला रडू आवरेना. कुठल्याही प्रश्नाला तो एकच शब्द येत होता आणि त्यातला कुठला खरा मानायचा हे मला कळत नव्हतं. ते मला हाकलून देत असते तरी चाललं असतं. काकू जवळ आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “नको विचारू वो बाई. जेवले का म्हटलं तरी हव, नाही जेवले का म्हटलं तरी हव. मी बी विचारणं सोडलं.”

मी डोळे पुसले. हात चादरीवर ठेवला, वीत ताणली आणि म्हणाले, “आता एवढी जागा आहे काका. प्रत्येक रांगेच्या मागे. या वेळी खरंच हात घातला मी.”

काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. नकाशात चूक दिसली की पडायची तीच आठी, दोन भुवयांच्या मधली उभी. त्यांनी डावा हात उचलला. पहिलं बोट त्यांनी माझ्या करंगळीच्या टोकाला टेकवलं, आणि मग चादरीवरून घासत, हळूहळू, पुढे नेलं. दीड इंच. तिथे थांबवून त्यांनी चादरीवर टकटक केलं. माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा टकटक केलं.

मी त्या बोटाकडे बघतच राहिले. तो ‘हव’ नव्हता. पाच वर्षं रोज ऐकलेला ‘नाही’ होता तो.

“हो काका,” मी म्हणाले. “दीड इंच मिळवूनच केलंय. माल मोजला, लोखंड नाही.”

आठी गेली. “हव,” काका म्हणाले. आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशीच्या सगळ्या उत्तरांतला तेवढा एक ‘हव’ मी खरा मानला आहे.

त्यानंतर दहाव्या दिवशी काका गेले. झोपेतच गेले. महादेव घाटावर किती माणसं यावीत? मालक तर होतेच, पण वेगवेगळ्या गोदामांतले हमाल होते, फोर्कलिफ्टवाले होते, कामाच्या कपड्यांतच आलेले. सेठजी माझ्या बाजूला उभे होते. चिता रचताना काकांच्या मुलानं लाकडं जवळजवळ लावली, तर एका म्हाताऱ्या हमालानं पुढे होऊन ती थोडी लांब केली, मध्ये हवा जावी म्हणून. मला त्या क्षणी काका इतके आठवले, की मी गर्दीतून बाजूला जाऊन उभी राहिले.

काकू आता त्याच घरात मुलाबरोबर असतात. मी रविवारी जाते. त्या खिडकीजवळच्या पलंगावरची चादर बदलतात, पण पलंग भिंतीला लावू देत नाहीत.

अहवालांवर आता माझी सही असते. खाली ते तीन शब्द मीही लिहिते. पहिल्यांदा लिहिताना पेन थांबलं होतं, कारण हे शब्द एकदा माझ्यामुळे खोटे झाले होते आणि ते त्यांच्या अक्षरात खोटे झाले होते. तो रद्द झालेला कागद फाईलमध्ये अजून आहे. साहेब म्हणाले फाडून टाक. मी नाही म्हणाले.

माल भरला की मी जाते, ऊन असो, नसो. पिंजऱ्यातून वर चढते, दोन रांगांच्या मधल्या फटीत हात घालते आणि वीत ताणते. अंगठा इकडच्या खोक्याला टेकतो. करंगळी पलीकडच्या खोक्याला टेकत नाही, दीड इंच अलीकडेच राहते. खालचा माणूस विचारतो, “दीदी, हो गया?” झालेलं असतं. तरी मी हात लगेच काढून घेत नाही. उरलेल्या दीड इंचावर कोणीतरी बोट ठेवेल म्हणून थोडा वेळ तसाच धरून ठेवते.